रुळातून वीज, रुळातूनच हुकूम

छोट्या रेल्वेगाड्यांच्या छंदात जुन्या पद्धतीत वीज हाच हुकूम होता. ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवली की रुळांतला दाब वाढायचा आणि इंजिन वेग घ्यायचं. अडचण उघड आहे. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच धावणार. १९३५ साली न्यूरेंबर्गच्या ट्रिक्स कंपनीनं तीन पट्ट्यांचा रूळ काढला. मधली पट्टी सामाईक आणि बाजूची एकेक पट्टी एकेका गाडीला, त्यामुळे दोन गाड्या वेगवेगळ्या चालवता येत. बाकीचे छांदिष्ट रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं बटण बसवत. मांडणी मोठी झाली की गाड्या कमी आणि बटणंच जास्त चालवावी लागत.

१९६०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकनं 'अॅस्ट्रॅक' आणलं. रुळांतल्या विजेवरच उच्च वारंवारतेचे संकेत चढवायचे आणि पाच इंजिनांना पाच वारंवारता वाटून द्यायच्या, अशी ती युक्ती. कल्पना काळाच्या पुढची होती, पण पाचाच्या पुढे ती जाईना. संख्येची भाषा यायला मायक्रोप्रोसेसर स्वस्त व्हावा लागला. इंग्लंडच्या हॉर्नबीनं १९८०च्या सुमारास 'झीरो वन' विकायला काढलं आणि त्यावर सोळा इंजिनं चालू लागली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर मेर्कलिन कंपनीच्या 'डिजिटल' पद्धतीनं इंजिनांसाठी ऐंशी पत्ते दिले. पण प्रत्येकाची बोली वेगळी. एकाच्या यंत्राचं दुसऱ्याच्या इंजिनाला काही कळत नसे.

जर्मनीतल्या गीसनच्या लेन्झ इलेक्ट्रोनिकनं त्याच दशकाच्या अखेरीला मेर्कलिन आणि आर्नोल्ड या कंपन्यांच्या दोन पट्ट्यांच्या रुळांसाठी एक पद्धत तयार केली. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनला सर्वांसाठी एक मानक हवं होतं. तिनं लेन्झच्या पद्धतीचा पाया घेतला आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात 'डीसीसी' हे मानक ठरलं.

यातली खरी करामत विजेच्या रूपात आहे. रुळांत कायम पूर्ण दाब असतो, एचओ मापाच्या गाड्यांसाठी साधारण पंधरा व्होल्ट. मात्र दोन पट्ट्यांची धन-ऋण बाजू सेकंदाला हजारो वेळा उलटते. एक बाजू सुमारे ५८ मायक्रोसेकंद टिकली तर 'एक', १०० किंवा अधिक टिकली तर 'शून्य'. इंजिनातला डिकोडर त्यातून आपल्या पत्त्यावरचा निरोप वाचतो, आणि तीच वीज सरळ करून मोटरला देतो. म्हणजे हुकूम आणि पोट भरणं, दोन्ही त्याच दोन पट्ट्यांतून; पण दोन्हींचा हिशेब आता वेगळा. हुकूम तयार करतं ते कमांड स्टेशन, त्याला ताकद देतो तो बूस्टर. लहान संचांत दोघं एकाच डब्यात असतात, म्हणून हा फरक लक्षात येत नाही.

मानकामुळे कोणत्याही कंपनीचा डिकोडर कोणत्याही डीसीसी यंत्राचं ऐकतो. हातातला नियंत्रक आणि कमांड स्टेशन यांच्यातली तार मात्र मानकात आली नाही. डिजिट्रॅक्सचं लोकोनेट वेगळं, लेन्झचं एक्सप्रेसनेट वेगळं. आणि किती अँपिअर घ्यायचे तेही ज्याचं त्यानं ठरवायचं.

तर ठरवू. आजचं चांगलं एचओ इंजिन चालताना साधारण पाव ते अर्धा अँपिअर खातं. जुन्या मोटरी एक अँपिअरच्याही पुढे जातात, बागेतल्या मोठ्या मापाच्या गाड्या त्याहून जास्त. एका वेळी खरोखर धावणारी इंजिनं मोजा, कपाटातली नव्हेत. डब्यांतले जुने बल्ब विसरू नका. दहा डब्यांचे दिवे एका इंजिनाइतके खाऊ शकतात. बेरजेवर पाव हिस्सा वाढवा. चार-पाच गाड्यांच्या घरगुती मांडणीला तीन अँपिअर पुरतात, क्लबाला पाच लागतात.

जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज मात्र घातक आहे. पंधरा व्होल्टवर आठ अँपिअर म्हणजे १२० वॅट. चिमुकल्या एन मापाचं चाक घसरून शॉर्ट झालं आणि बूस्टरनं पुरवठा तोडला नाही, तर तेवढी उष्णता त्या चाकाशी जमते आणि प्लास्टिक वितळतं. त्यासाठी जाडजूड तारा घाला आणि रुळावर जागोजागी नाणं आडवं ठेवून पाहा. प्रत्येक ठिकाणी बूस्टरनं लगेच पुरवठा तोडला पाहिजे. आठ अँपिअरचं एक यंत्र घेण्यापेक्षा मांडणीचे दोन भाग करून दोन लहान बूस्टर लावणं केव्हाही बरं: एकीकडे गाडी घसरली तरी दुसरीकडची चालत राहते. सुरुवातीला तीन अँपिअरचा संच घ्या, पण नंतर दुसरा बूस्टर जोडता येतो का, हे विकत घेण्याआधीच विचारा.