नौकेतील विद्युद्घट आणि त्यांचा शेजार



विजेवर चालणारी नौका हे अगदी अलीकडचे कौतुक आहे, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. २०१७ च्या जानेवारीत केरळात वेंबनाड सरोवरावर वैकम आणि तवणक्कडवू यांच्या दरम्यान ‘आदित्य’ नावाची ७५ उतारूंची नौका सुरू झाली. तिच्या छपरावर सौर पॅनेल आहेत आणि पोटात लिथियमच्या बॅटऱ्या. ती पाहून कोणालाही वाटावे की, ही आपल्याच शतकाची उपज. परंतु या नौकेची आजी १८३८ साली रशियात नेवा नदीवर चालली होती.

मोरिट्झ याकोबी हा जर्मन विद्वान तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. झार निकोलस याच्या द्रव्यसाहाय्याने त्याने सुमारे आठ मीटर लांबीच्या होडीत आपले विद्युत्-यंत्र बसविले आणि बारा-चौदा माणसे घेऊन ती नदीवर चालविली. वीज मिळत होती ती जस्त-तांब्याच्या ३२० जोड्यांपासून! पुढल्या वर्षी त्याने ग्रोव्हचे प्लॅटिनमचे घट वापरले. वेग वाढला, पण त्या घटांतील नत्राम्लाच्या वाफांनी बसणाऱ्यांचा जीव नकोसा झाला. शिवाय मोठी अडचण निराळीच होती. हे घट जस्त खाऊन वीज देत. जस्त संपले की घट संपला. त्यांत वीज पुन्हा भरता येत नसे.

ती भरता येईल असा घट १८५९ साली पॅरिसमध्ये गास्तों प्लान्ते याने केला. शिशाचे दोन पातळ पत्रे एकमेकांस न टेकतील अशा रीतीने गुंडाळून त्याने ते सौम्य गंधकाम्लात बुडविले. एवढेच त्याचे साहित्य. आजही आपल्या मोटारीत जी शिशाची बॅटरी असते ती याच घराण्यातली. पुढल्याच वर्षी त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे नऊ घटांची पेटी मांडली, आणि त्या पेटीतील घट समांतर जोडलेले होते. म्हणजे धन टोके सारी एकत्र, ऋण टोके सारी एकत्र. आजच्या आपल्या विषयाचा आरंभ येथूनच होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

प्लान्तेपाशी डायनॅमो नव्हता. घट भरावयाचे ते बुन्सेनच्या दोन घटांवर, आणि त्यांचा दाब साडेतीन व्होल्टांच्या आसपास. शिशाच्या एका घटास दोन व्होल्टांहून थोडा अधिक दाब लागतो. तेव्हा वीस घट एकापुढे एक, एकसर जोडून भरू म्हटले तर चाळीस व्होल्टांहून अधिक दाब हवा. तो आणावा कोठून? त्याने युक्ती केली. भरताना वीसही घट समांतर ठेवले, म्हणजे तेवढाच अल्प दाब सर्वांना पुरला. भरून झाले की एक दांडा फिरवावा, तोच वीस घट एकसर होऊन चाळीस व्होल्ट हाती यावे. थेंब थेंब साठवून एकदम धार सोडण्याचाच हा प्रकार. वर्गात हे चित्र फळ्यावर काढले की मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो मला पुढे कोणत्याच धड्यात दिसला नाही.

१८८१ साली फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन हा घट व्यवहारास योग्य केला, आणि लगेच सप्टेंबर १८८२ मध्ये लंडनला थेम्स नदीवर ‘इलेक्ट्रिसिटी’ नावाची लोखंडी नौका ४५ संचायक घटांवर धावली. प्रसिद्ध पदार्थविज्ञानवेत्ते सिल्व्हेनस थॉम्प्सन तिच्यात स्वतः बसले होते. पुढे त्या नदीवर भाड्याच्या विद्युत्-नौका आणि त्यांचे घट भरून देणारी ठाणी निघाली. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात तर अशा ५५ नौकांनी दहा लाखांवर लोकांना फिरविले. नंतर पेट्रोलचे इंजिन आले आणि हा सारा थाट मागे पडला.

आता लिथियमकडे वळू. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या परिश्रमांतून हा घट उभा राहिला, १९९१ साली बाजारात आला, आणि २०१९ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. नौकांत विशेष आवडता झालेला जो लिथियम-लोह-फॉस्फेटचा प्रकार, त्याविषयीच्या १९९७ च्या मूळ निबंधावर गुडइनफ यांच्यासह पाढी आणि नंजुंडस्वामी ही आपल्याकडची नावे आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

नौकेला एक बॅटरी पुरत नाही, म्हणून दोन, तीन, चार शेजारी शेजारी, समांतर जोडतात. येथे जुनी सवय घात करते. ती सवय मलाही होती. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत गावच्या जत्रेत नाटकाच्या ध्वनिवर्धकासाठी एक नवी आणि एक थकलेली मोटारीची बॅटरी शेजारी जोडावी, असा सल्ला मी मोठ्या ऐटीने दिला. दोन बैल एकापेक्षा बरे, हे माझे गणित. तिसऱ्या अंकात आवाज गेला. नवी बॅटरी रात्रभर थकलेलीला पाजीत बसली होती! हानी एवढीच की नायिकेचा विलाप मागच्या रांगांना ऐकू आला नाही. शिसे असे क्षमाशील असते. त्याच्यात प्रवाह शिरू लागला की त्याचा दाब चटकन वर चढतो आणि येणाऱ्या प्रवाहास तोच आडवा येतो.

लिथियम आडवे येत नाही. समजा, एक बॅटरी भरलेली, दाब १३.४ व्होल्ट, दुसरी जवळजवळ रिकामी, १२.४. अंतर एका व्होल्टाचे. दोहोंचा आणि तारांचा मिळून रोध ओहमचा शंभरावा भाग धरला, तर तार टेकताच १०० अँपिअरचा लोंढा एकीतून दुसरीत शिरेल. एवढ्या आकाराच्या बॅटरीला भरताना ५० अँपिअरच्या आत राहा, असे कित्येक उत्पादक सांगतात. म्हणजे चार्जर लावण्यापूर्वीच भरणे सुरू झाले, आणि तेही बेबंद.

मग दाब मोजून जोडावे, असे आपण म्हणाल. येथेच खरी मेख आहे. बुडाशी नळीने जोडलेल्या दोन रांजणांतले पाणी एका पातळीस येते, हे आपण शाळेत शिकलो. परंतु लिथियम-लोह-फॉस्फेटचा रांजण पोटात फार रुंद आणि गळ्यात अगदी अरुंद. पोटातले पाणी कितीही वाढले तरी पातळी हलल्यासारखी दिसत नाही. एकतृतीयांश भरलेल्या आणि दोनतृतीयांश भरलेल्या बॅटरीच्या दाबात दोनदशांश व्होल्टांहून अधिक फरक सहसा पडत नाही. मापक ‘समान’ म्हणतो, आणि ती समान नसते. विश्वास ठेवावा असे ठिकाण एकच, रांजणाचा गळा. म्हणून जाणते लोक प्रत्येक बॅटरी आधी वेगळी, पूर्ण भरतात, म्हणजे सुमारे १४.४ व्होल्टांपर्यंत, मग तिला काही तास स्वस्थ ठेवून दाब मोजतात आणि जुळला तरच शेजार करतात.

जोडल्यावरही तारांचा पंक्तिप्रपंच सांभाळावा लागतो. चार्जरच्या दोन्ही तारा पहिल्याच बॅटरीवर लावल्या, तर जवळची अधिक राबते आणि दूरची उपाशी राहते. यास्तव धन तार रांगेच्या एका टोकास आणि ऋण तार दुसऱ्या टोकास लावतात, आणि मधल्या तारा सारख्या जाडीच्या व लांबीच्या घेतात. प्रत्येक बॅटरीत संरक्षक मंडल असते. आपली मर्यादा आली की ते तिला तोडून वेगळे करते. एक वेगळी झाली की तिच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्यांवर येतो. सगळ्याच एकदम सुटल्या, तर नौकेच्या इंजिनावरील अल्टरनेटरचा दाब उसळून त्यातील डायोड जळतात. म्हणून भरण्याचा प्रवाह ठरविताना सगळ्या बॅटऱ्यांची बेरीज न धरता, एखादी सुटली तरी बाकीच्यांना पेलेल इतकाच धरणे बरे.

हे सारे काटेकोरपण अतिरेकी वाटले, तर नॉर्वेकडे पाहावे. २०१५ साली ‘अँपिअर’ ही मोटारी वाहून नेणारी विद्युत्-नौका त्याच देशात सुरू झाली. या विद्येत तो देश सर्वांच्या पुढे. तेथेच २०१९ च्या ऑक्टोबरात ‘यिटरोयनिंगेन’ या नौकेच्या बॅटरीखोलीत आग लागली. तिचे कारण समांतर जोडणी नव्हे. थंडाव्यासाठी खेळविलेला द्रव गळला होता. आग विझली असे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी साठलेल्या वायूचा नौकेच्या पोटात स्फोट झाला. विझविण्यास आलेल्यांपैकी कित्येकांना रुग्णालयात न्यावे लागले.

प्लान्तेच्या काचपात्रांतून फार तर आम्ल सांडत असे. वेंबनाडच्या नौकेत बॅटऱ्यांच्या वरच्या बाजूस ७५ माणसे बसलेली असतात, आणि त्यांतली पुष्कळशी रोजच्या कामावर निघालेली.