लोहार-शिपायाची वंशावळ



देशमुख-मालगुजारांच्या घराण्यांजवळ सनदा असतात. भात्यापाशी बसणाऱ्या लोहाराजवळ कुठली सनद? तरीही पांढुर्णा-सौसर भागातील अशा घराण्याचा माग लागू शकतो, असे माझे मत आहे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढील बंदोबस्तांत गावोगावच्या मिसली तयार झाल्या. वाजिब-उल-अर्जात गावचे रिवाज लिहिले जात. नांगराचे फाळ पाजवून देण्याच्या मोबदल्यात लोहाराला सुगीत धान्य मिळे, आणि बलुत्याचा हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. हक्काचा धागा हाच वंशाचा धागा! कोटवाराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याला जोड देतात. अडचण ही, की ‘लोहार’ हा शब्द जात, धंदा आणि आडनाव असा तिन्ही ठरतो. सारख्या नावाची दोन माणसे सहज एक होतात.

मुलगा पलटणीत गेला की कागद बदलतो. पहिल्या महायुद्धाच्या (१९१४-१८) ब्रिटिश पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पथक कोरलेले असते. शिपायाला ते रुप्याचे, मजूर पथकातल्याला ब्राँझचे. ते रुपे मोडीत गेले, की पूर्वजाचे नावही वितळते. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. शिपायांची नुसती संख्या.

स्त्रियांची नावे या दप्तरांत क्वचितच. ती घरच्या वृद्धांना विचारावीत, आणि आधी तीच विचारावीत. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, हा भाग मध्य प्रदेशात राहिला, २०२३ मध्ये पांढुर्णा निराळा जिल्हा झाला. शोधकाने छिंदवाडा आणि नागपूर अशा दोन्ही वाटा चालाव्यात.