व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकातील भुणभुण : एका दोषाचा इतिहास

देवळाच्या सभामंडपात कीर्तनासाठी ध्वनिवर्धक सुरू केला, की पुष्कळदा बुवांच्या नमनाआधी त्याचाच एक मंद, अखंड स्वर कानी पडतो. कोणी न छेडता उमटणारा हा स्वर कित्येकदा तंबोऱ्याच्या खर्जाहूनही खालचा असतो. कारागीर त्यास ‘हम’ म्हणतात. आपण भुणभुण म्हणू. हिच्याशी विशेष चिवट झुंज द्यावी लागली ती विजेवरच्या गिटारीच्या ध्वनिवर्धकांना. कारण तारेच्या कंपनातून मिळणारा विद्युत्संकेत अतिक्षीण, आणि त्याला मोठे करताना सोबतचा दोषही तितकाच मोठा होतो.

मुळात व्हॉल्व्ह भुणभुणत नव्हता. १९०४ साली फ्लेमिंगने आणि १९०६ साली ली डी फॉरेस्टने जे व्हॉल्व्ह सिद्ध केले, त्यांच्यापासून निघालेली आरंभीची यंत्रे बॅटरीवर चालत, आणि बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने संथ वाहतो. घरोघरीच्या विजेचे तसे नाही. ती आपल्याकडे सेकंदास ५० आणि अमेरिकेत ६० आवर्तने घेते. व्हॉल्व्हची तार या विजेवर तापवली, की ती आंदोलने ध्वनीत उतरत. यावर काढलेली युक्ती मोठी सुंदर होती. तापणारी तार एका बारीक धातुनळीच्या पोटात दडवली. तारेने केवळ उष्णता द्यावी आणि विद्युत्कण नळीच्या पृष्ठभागावरून सुटावेत. १९२७ च्या ‘रेडिओला १७’ या अमेरिकन रेडिओत असा एक व्हॉल्व्ह होता. उच्च दाबाच्या प्रवाहाची अडचण मात्र निराळी. तो रेक्टिफायरने एकदिश केला तरी त्यावर लाटा उरतात, आणि त्या शांत करण्याचे काम मोठ्या कंडेन्सरांकडे येते.

१९३२ साली जॉर्ज बोशां यांची ‘फ्राइंग पॅन’ ही गिटार बाजारात आली, १९३६ साली गिब्सनची ‘ईएस-१५०’ आली, आणि भुणभुणीला नवे दार सापडले. गिटारीवरचे तारेचे वेटोळे आसपासच्या ट्रान्सफॉर्मरांची आंदोलने हवेतूनच टिपते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली यावरील उपायाच्या पेटंटासाठी अर्ज केला. ते १९५९ साली मिळाले. त्यांनी दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडली आणि त्यांचे चुंबकही उलट ठेवले. त्यामुळे तारेचा नाद दुणावतो, तर बाहेरून आलेली भुणभुण आपल्याच प्रतिबिंबाने नाहीशी होते.

ध्वनिवर्धकाच्या पोटातील भुणभुण मात्र तिथेच राहिली. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांचे ‘बासमन’ हे यंत्र समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल ध्वनिवर्धक तयार झाला. ही दोन्ही घराणी आज संग्राहकांची दैवते आहेत. अमेरिकेतील ६० आणि आपल्याकडील ५० या आवर्तनांमधील अंतर म्हणजे नेमके षड्ज आणि शुद्ध प्रमाणातील कोमल गंधार यांचे अंतर. केवळ अमेरिकेसाठी बनवलेले यंत्र दाब उतरवून येथे चालवले तरी त्याची भुणभुण तेवढी खाली येते आणि ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो.

दोष शोधणाऱ्याची पहिली कसोटी कानाचीच. स्वर ५० आवर्तनांचा असेल, तर संशय तापक तारा, गळका व्हॉल्व्ह, अर्थिंग किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर यांवर जातो. त्याच स्वराचे वरच्या सप्तकातील रूप, म्हणजे १०० आवर्तने, ऐकू आले तर बहुधा कंडेन्सर. कारण दोन बाजूंनी काम करणारा रेक्टिफायर लाटांची संख्या दुप्पट करतो. अखेरच्या दोन व्हॉल्व्हांपैकी एक दुबळा झाला तरी हाच स्वर येतो. जोडी समतोल असते तेव्हा त्या लाटा परस्पर मिटतात. वादकाने जागीच वळून पाहावे. भुणभुण कमीजास्त झाली तर अपराध गिटारीच्या वेटोळ्याचा. आवाजाची कळ शून्यावर आणूनही ती तशीच राहिली, तर दोष त्या कळीच्या पुढे. मग आरंभीच्या बाजूने एकेक व्हॉल्व्ह काढून पाहतात. खोके उघडणे मात्र जाणत्याचेच काम. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरांत चारशे व्होल्टपर्यंतचा भार उरू शकतो.

आता खरा वाद. या कंडेन्सरांत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये द्रावणाने भिजलेला कागद असतो, आणि साठ वर्षांत तो सुकणारच. कित्येक संग्राहकांना तरीही मूळचा एकही भाग हलवणे पाप वाटते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. देवळाचा जीर्णोद्धार करताना आपण कुजलेली तुळई बदलतो, घडीव पाषाण राखतो. येथेही ट्रान्सफॉर्मर, ध्वनिक्षेपक आणि शक्य तर व्हॉल्व्ह राखावेत. सुकलेला कंडेन्सर हा नाशिवंत भाग आहे. तो फुटला, तर ज्या ट्रान्सफॉर्मरसाठी एवढा जीव टाकायचा, तोच जळण्याचा धोका असतो.

आणखी एक भाग निःशंकपणे काढावा. जुन्या अमेरिकन यंत्रांना दोनच टोकांची पिन असे, आणि भुणभुण दबावी म्हणून विजेच्या एका तारेपासून लोखंडी सांगाड्यापर्यंत एक छोटा कंडेन्सर जोडलेला असे. तो बिघडला तर सांगाडा, आणि त्याबरोबर गिटारीच्या तारा, जिवंत होतात. कारागिरांनी त्याला ‘मृत्यूचा कंडेन्सर’ हे नाव उगीच दिलेले नाही. अर्थिंगची हेळसांड किती महागात पडते, हे अन्यत्रही दिसले आहे. ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागताच, विजेच्या धक्क्याने मरण पावले. तरीही भुणभुण थांबते म्हणून पिनेचे तिसरे टोक मोडून टाकणारे लोक आहेत. आपल्या उत्सवांच्या मंडपांतही असे महाभाग आढळतात. अर्थिंगच्या दोन वाटांमुळे भुणभुण येत असेल, तर सगळी यंत्रे एकाच फळीवरून चालवावीत. अर्थिंग तोडू नये.

काही कुशल कारागीर जुन्या कंडेन्सरचा पत्र्याचा डबा पोकळ करून त्यातच नवे कंडेन्सर बसवतात, म्हणजे वरून रूप तेच राहते. इतर काढलेले भाग कागदी पुडीत बांधून खोक्याच्या तळाशी ठेवले जातात.