वडील कोण, भावंड कोण?

न्यूझीलंडमधील विद्यापीठांना १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत परदेशांतून जेवढी माहिती येई, तिच्या मापावर पैसे मोजावे लागत. अमेरिकेंतील एकच पान दहा विद्यार्थ्यांनीं मागविलें, कीं तें दहा वेळां समुद्र ओलांडी आणि खर्चही दहापट होई. यावर तोड म्हणून प्रॉक्सी सर्व्हर पुढें आला. पहिल्यानें मागितलेल्या पानाची प्रत हा मध्यस्थ जवळ ठेवून घेई व पुढच्यांना तीच देई. जिनीव्हाच्या सर्न प्रयोगशाळेच्या सर्व्हरांत ही सोय १९९४ सालीं आलेली होती. अमेरिकेंतील 'हार्वेस्ट' प्रकल्पानें तींत भर घातली ती शेजाऱ्याला विचारण्याची. आणि त्याच कामांतून १९९६ सालीं ड्वेन वेसल्स यांचा 'स्क्विड' निघाला.

शेजाऱ्याला विचारावयाचें, तर नातें ठरविणें आलें. सेटिंगच्या फाइलींत प्रत्येक शेजाऱ्यासाठीं एक ओळ असे, आणि तो 'वडील' कीं 'भावंड' हें तींत लिहावें लागे. भावंडानें घरांत असेल तेवढेंच द्यावयाचें. वडिलांनीं मात्र नसलेलें बाहेरून आणून द्यावयाचें. घोळ होई तो येथेंच. दोन संस्थांचे व्यवस्थापक एकमेकांच्या सर्व्हरला वडील लिहून मोकळे होत. दोन्ही ओळी सुट्या पाहिल्या तर निर्दोष! परंतु पान कोणाकडेच नसलें, कीं पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरा पहिल्याकडे, आणि मागणी दोहोंमध्येंच फिरत राही. दोष बिचाऱ्या तारेला लागे.

दुसरा घोळ याहून सूक्ष्म. 'पान आहे काय?' हा शेजाऱ्याला पाठविलेला प्रश्न फक्त पत्ता सांगे. प्रत किती ताजी हवी, हें त्यांत नसे. भावंड खरेपणानें 'आहे' म्हणे. प्रत्यक्ष मागणी येऊन प्रत शिळी ठरली, कीं बाहेर जाण्याची त्याला मनाई, म्हणून तें नकार देई. आणि वाचकाच्या पडद्यावर येई तो हा नकार. वेसल्स व क्लॅफी यांनीं सप्टेंबर १९९७ च्या आपल्या टिपणांत हे दोन्ही प्रकार नोंदले आहेत.

शोध लागे तो नोंदवहींत. प्रत घरांत सांपडली, सांपडली नाहीं, कीं मागणी नाकारली, हें स्क्विड दर मागणीला एका ओळींत लिहून ठेवी. दोन्ही ठिकाणच्या नोंदी शेजारीं शेजारीं ठेवून वेळा जुळविल्या, म्हणजे मागणी कोठें वळली तें दिसे. जानेवारी १९९७ मध्यें एचटीटीपी १.१ प्रसिद्ध झालें. 'जवळ असेल तरच दे' असें भावंडाला बजावण्याची सोय त्यांत होती. शिवाय टपालाच्या पाकिटावर वाटेंतल्या कचेऱ्यांचे शिक्के पडावेत, तसें प्रत्येक मध्यस्थानें मागणीवर आपलें नांव घालावें, असा नियमही होता. स्वतःचेंच नांव परत आलेलें दिसलें, कीं स्क्विड फेरा ओळखून तो तोडी व तशी सूचना लिही. फाइलींतली चुकलेली ओळ मात्र दोन्ही व्यवस्थापकांनीं एकमेकांना विचारूनच बदलावी लागे.