दुसऱ्या पसंतीचे मत : १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक

दक्षिण अमेरिकेतील चिली हा देश १८१८ साली स्वतंत्र झाला. १८२९ मध्ये तेथे पिंटो हे अध्यक्ष म्हणून निवडून आले. उपाध्यक्षपदासाठी मात्र कोणालाच बहुमत मिळेना. तेव्हा विधिमंडळाने पुढच्या दोघांना डावलून मागच्या क्रमांकावरील व्हिकुन्या यांची निवड केली. झाले, यादवीला निमित्त मिळाले आणि १८३० साली लिर्काय येथे देशबांधवांचेच रक्त सांडले. बहुमत कोणालाच नसेल तर काय करावे, या प्रश्नाने असा एका कोवळ्या प्रजासत्ताकाचा घात केला. हाच प्रश्न आपल्या देशापुढे आला तेव्हा आपले प्रजासत्ताक एकोणीस वर्षांचे होते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती मरहूम डॉ. झाकीर हुसेन यांचे अधिकारपदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. परंतु निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. आता दोन्ही पदे रिकामी! सुदैवाने संसदेने मे महिन्यातच कायदा करून अशा वेळी ही जबाबदारी सरन्यायाधीशांवर सोपविली होती. त्यानुसार न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिपद सांभाळले आणि नंतर ते पुन्हा न्यायासनावर जाऊन बसले. हे गृहस्थ नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी व पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

उमेदवार पंधरा होते. खरी झुंज तिघांत. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. त्यांच्या नावाला इंदिरा गांधींनीच अनुमोदन दिले होते, पण पुढे त्यांनीच सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असे सांगितल्यामुळे गिरींचे पारडे जड झाले. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे. स्वतंत्र पक्ष व जनसंघ त्यांच्या पाठीशी होते. आमच्या मते तिघांत विद्वत्तेने तेच थोर. पण मतपेटीत विद्वत्तेचे वजन होत नाही.

या निवडणुकीत खासदार व आमदार मत देतात आणि आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. त्या वेळी कोल्हापूरच्या आमदाराचे, म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही आमदाराचे, एक मत १४६ चे होते. मतदार नावापुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. ज्याचा १ बाद झाला त्याचे मत २ लिहिलेल्याकडे जाते.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी. पहिल्या पसंतीची मते गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकण्यास हवी होती ४,१८,१६९. म्हणजे बहुमत कोणालाच नाही! मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, अखेर देशमुखही. या सर्वांच्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली, गिरींकडे अवघी १८,५६२. आणि १०,८३३ मतांवर या दोघांपैकी कोणाचाच आकडा नसल्याने ती वाया गेली. विद्यार्थ्यांनी वहीत हे गणित जरूर करून पाहावे. सुमारे ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. आपल्याकडचे एक्कावन्न आमदार इकडचे तिकडे झाले असते तर निकाल फिरला असता.

कडवटपणा आला, नाही असे नाही. त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली. निवडणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. रेड्डींविरुद्ध वाटलेल्या एका पत्रकाचा मुद्दा त्यात होता. राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला हजर राहिले. १९७० मध्ये अर्ज फेटाळले गेले. रेड्डी १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले.