नगरीचे निमंत्रण



आपल्या संघाचे अधिवेशन कोणत्या गावी भरवावे हा प्रश्न दरवर्षी कार्यकारिणीपुढे येतो. एखाद्या गावची मंडळी उभी राहतात व म्हणतात, "यंदा आमच्याकडे या." मग कार्यालय केवढे, उतरण्याची सोय कोठे, स्टेशनापासून अंतर किती, पाणी पुरेल काय, पंगती किती उठतील, याची चौकशी होते. स्वागतसमिती नेमली जाते, स्वागताध्यक्ष ठरतात. हे सर्व आपण हौसेने व पदरमोड करून करतो. परंतु हेच काम जन्माचा व्यवसाय म्हणून करणारी माणसे जगात आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. आम्हांसही ते अलीकडेच कळले, आणि तेही एका सोयरिकीच्या बैठकीत.

आमच्या नात्यातील एक मुलगा परगावच्या एका मोठ्या सभागृहात नोकरीस आहे. त्या गावी परिषदा भराव्यात म्हणून ठिकठिकाणच्या संस्थांशी पत्रव्यवहार करणे व त्यांस निमंत्रण देणे हे त्याचे काम. वधूपक्षाकडील वडीलधाऱ्यांनी विचारले, "मुलगा करतो काय?" मुलाच्या वडिलांना नीटसे सांगता येईना, ते म्हणाले, "तो लोकांना गावात बोलावतो." बैठकीत हशा पिकला आणि बोलणे तेथेच थांबले. त्या हशात आम्हीही सामील होतो, हे कबूल केले पाहिजे. पुढे मनाला चुटपुट लागली, म्हणून या व्यवसायाचा इतिहास धुंडाळला. तो येथे थोडक्यात सादर करतो.

या व्यवसायाचा उगम अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झाला, असे मानतात. १८९६ च्या फेब्रुवारीत मिल्टन कार्मायकेल नावाच्या वार्ताहराने 'डेट्रॉइट जर्नल' या पत्रात एक सूचना मांडली. शहरात निरनिराळ्या संस्थांची अधिवेशने आपसूक भरतात. व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन पद्धतशीर निमंत्रणे दिली तर किती अधिक भरतील, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच महिन्यात तेथील व्यापारी व कारखानदार कॅडिलॅक हॉटेलात जमले आणि या कामासाठी एक मंडळ स्थापन झाले. इतर शहरांनी हा कित्ता गिरविला, व १९१४ साली अशा मंडळांचा एक संघही अस्तित्वात आला.

अमेरिकेत वैद्यांचे, शिक्षकांचे, वकिलांचे, व्यापाऱ्यांचे संघ विपुल आहेत. प्रत्येकाचे अधिवेशन भरते व हजारो प्रतिनिधी चार-चार दिवस मुक्काम करतात. हॉटेलवाला, खानावळवाला, टॅक्सीवाला, छापखानेवाला, धोबी, सर्वांच्या हातांस त्यामुळे काम मिळते. म्हणून एका अधिवेशनासाठी अनेक शहरे झटतात. मोठ्या अधिवेशनाची जागा कित्येक वर्षे अगोदर मुक्रर होते. संस्थेचे पदाधिकारी शहर पाहावयास येतात. त्यांना सभागृहे दाखविणे, अनेक हॉटेलांतील खोल्या एकाच काळासाठी राखून ठेवविणे, दर ठरवून देणे, हे सर्व या मंडळांच्या अधिकाऱ्यांकडे असते. अनेक शहरांत हॉटेलच्या खोलीवर बसविलेल्या कराचा काही अंश या कामी लावला जातो. म्हणजे पाहुण्याच्या पैशातूनच पुढील पाहुण्याचे निमंत्रण निघते!

न्यूयॉर्क शहरात असे मंडळ १९३५ साली निघाले. चार्ल्स जिलेट हे गृहस्थ १९७१ साली त्याचे अध्यक्ष होते. तो काळ त्या महानगरीस कठीण होता. गुन्हेगारी वाढली होती, कारखाने व सुखवस्तू कुटुंबे शहर सोडून जात होती, आणि न्यूयॉर्क म्हटले की बाहेरच्या माणसाच्या मनात भीती उभी राहत असे. अशा वेळी जिलेट यांच्या मंडळाने शहरासाठी एक लाडके नाव पुढे आणले, 'बिग ॲपल', म्हणजे 'मोठे सफरचंद'. लाल, रसरशीत सफरचंदाचे चित्र हे निमंत्रणाचे चिन्ह झाले.

हे नाव मंडळाने नव्याने घडविले नव्हते, आणि आम्हांस त्यातच विशेष वाटते. १९२० च्या सुमारास जॉन फिट्झ जेराल्ड नावाच्या, घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणाऱ्या पत्रकाराने न्यू ऑर्लिन्स येथे तबेल्यातील दोन कृष्णवर्णीय मोतद्दारांच्या तोंडी हे शब्द ऐकले. न्यूयॉर्कच्या शर्यतीचे मैदान म्हणजे सर्वांत मोठे फळ, असा त्यांचा भाव. फिट्झ जेराल्ड यांनी तो शब्द आपल्या सदरात योजिला व तो कोणाकडून मिळाला हेही प्रांजळपणे सांगितले. पुढे जॅझ संगीताच्या वादकांनी तो उचलला, मग तो मागे पडला, आणि १९७१ मध्ये जिलेट यांनी त्यास पुन्हा उजाळा दिला. ज्या नावाने आज सारे जग त्या नगरीस ओळखते, ते प्रथम उच्चारणाऱ्या मोतद्दारांची नावे मात्र इतिहासास ठाऊक नाहीत.

खरी कसोटी १९७५ साली लागली. नगरपालिका दिवाळखोरीच्या काठावर आली. नोकरकपातीत सुमारे ५,००० पोलिसांना घरी बसविण्यात आले. तत्पूर्वी जून महिन्यात पोलीस व अग्निशामकांच्या संघटनांनी पाहुण्यांसाठी एक पत्रक छापले होते. त्याच्या मुखपृष्ठावर मस्तकावरून वस्त्र ओढलेली कवटी होती आणि शीर्षक होते 'भयनगरीत आपले स्वागत'. सायंकाळी सहानंतर रस्त्यावर फिरू नका, भुयारी रेल्वेत बसू नका, मॅनहॅटनबाहेर पाऊल टाकू नका, हातातील पिशवी दोन्ही हातांनी धरा, असा उपदेश त्यात होता. महापौर अब्राहम बीम यांच्या प्रशासनाने ते थांबविण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी शहरास मदत देण्याचे नाकारले. डिसेंबरात मात्र त्यांनी कर्जाच्या कायद्यावर सही केली.

वाचकहो, एका हातात सफरचंद आणि दुसऱ्या हातात कवटी, असे ते शहर त्या उन्हाळ्यात पाहुण्यापुढे उभे होते. यांत खोटे कोण बोलत होते? पोलिसांचे गाऱ्हाणे खरे होते. ज्याची भाकरी जाते तो ओरडणारच. परंतु त्यांनी आपली फिर्याद पाहुण्याच्या गळ्यात बांधली, आणि पाहुणा परतला की हानी हॉटेलातल्या झाडूवाल्याची व वाढप्याची होते. उलट, सफरचंदाच्या चित्राने एकही चोर पकडला गेला नाही, एकाही रस्त्याची दुरुस्ती झाली नाही. मग त्याने साधले काय? आमच्या मते, शहर सावरेपर्यंत दार उघडे राहिले, एवढेच साधले. आणि हे थोडे नव्हे. १९७६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त शिडाच्या जहाजांचा प्रचंड ताफा न्यूयॉर्कच्या बंदरात आला. त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन तेथे भरले; १९२४ नंतर त्या पक्षाचे हे त्या शहरातील पहिलेच अधिवेशन. १९७७ साली राज्यसरकारने स्वतंत्र मोहीम हाती घेतली, व मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने लाल हृदयाचे सुप्रसिद्ध चिन्ह मोबदला न घेता काढून दिले.

१९९७ साली, फिट्झ जेराल्ड जेथे राहत असत त्या ब्रॉडवे व चौपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यास 'बिग ॲपल कॉर्नर' असे नाव कायद्याने दिले गेले. जिलेट यांच्या मंडळाचे नाव पुढे दोनदा बदलले, दुसऱ्यांदा २०२३ साली. काम मात्र तेच चालू आहे.

आपल्या मराठी माणसांसही या व्यवस्थेचा लाभ झाला आहे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले. त्याची अधिवेशने तेथील निरनिराळ्या शहरांत भरतात. २०१७ चे अधिवेशन मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे झाले. डेट्रॉइट त्याच राज्यात आहे. ज्या प्रांतात एका वार्ताहराला अधिवेशने बोलावण्याची कल्पना सुचली, त्याच प्रांतात सव्वाशे वर्षांच्या आत मराठी मंडळी अधिवेशनासाठी एकत्र जमली, हा योग मोठा आनंदाचा आहे.

आता त्या सोयरिकीविषयी. एवढे जाणून घेतल्यावर आम्ही स्वतः वधूच्या वडिलांकडे गेलो व झाल्या हशाबद्दल दिलगिरी सांगितली. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "मास्तर, पाहुण्यांना बोलावण्यासाठी मुलगा खोटे तर बोलत नाही ना?" प्रश्न रास्त होता. आम्ही मुलास पत्र घालून तोच विचारला. त्याने कळविले, "गेल्या वर्षी एका संस्थेस वैशाखात परिषद हवी होती. आमच्याकडे त्या दिवसांत पाणी पुरत नाही, असे मी सांगितले. परिषद दुसरीकडे गेली व मला वरिष्ठांचे बोलणे खावे लागले. यंदा त्याच संस्थेने मार्गशीर्षासाठी आपण होऊन विचारणा केली आहे."

ते पत्र आम्ही वधूच्या वडिलांस नेऊन दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि आतल्या मंडळींस चहा ठेवावयास सांगितले. बोलणी पुन्हा सुरू झाली आहेत.

पुढील अधिवेशनाचे निमंत्रण देण्यास जी शाखा उभी राहील तिने आपल्या गावचे गोड फळ अवश्य पुढे करावे; परंतु पाणी किती दिवस पुरते तेही त्याच पत्रात लिहावे, एवढी विनंती करून आम्ही लेखणी आवरती घेतो.