बाहुलीही तीच, खेळणारीही तीच

परवा एका मित्राने फोटो दाखवला. फुगीर झगा, लेस, रिबिनी, डोक्यावर बॉनेट. 'याला लोलिता फॅशन म्हणतात' म्हणत डोळा मारला. मीही हसलो. मग शनिवारभर वाचत बसलो आणि चक्क ओशाळलो!

गोष्ट तोक्योतल्या हाराजुकूची. तिथे 'मिल्क' हे दुकान १९७० साली निघालं. 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' हा ब्रँड १९८८चा. रविवारी तिथला रस्ता गाड्यांना बंद असायचा, नटूनथटून पोरं-पोरी जमायची. १९९८मध्ये ते थांबलं, तरी मुली जवळच्या जिंगू पुलावर येत राहिल्या. १९९९ साली 'मलीस मिझेर' बँडच्या मानाने, बाहुलीसारखा सजणाऱ्या या गिटारवाल्याने, स्वतःचा काळ्या झग्यांचा ब्रँड काढला. २००४च्या 'कामिकाझे गर्ल्स' सिनेमाने हे परदेशातही पोचवलं.

गंमत म्हणजे नाव नाबोकोव्हच्या १९५५च्या कादंबरीची आठवण करून देतं, पण कपडे नेमके उलटे: गळाबंद, अंगभर. पुरुषांना आवडावं म्हणून नाहीतच मुळी. बाहुली दुसऱ्याच्या हातातलं खेळणं असते. इथे खेळणारी तीच.

सोमवार ते शुक्रवार गळ्यात आयकार्ड लटकवणाऱ्या मला तो रविवार लगेच कळला. मित्राला मात्र अजून समजवायचंय. असो.